एक पोतं पाचोळा

घरातला कचरा घराबाहेर जाऊ नये, घरच्या घरी त्याचं खत व्हावं, एवढ्यासाठी मी गॅलरीत भोकं पाडलेली बादली ठेवली. आता घरातला कचरा बाहेर जात नाहीच, उलट मी बाहेरचा कचरा घरात आणतो. स्कूटरवरून, पायाशी पोतं ठेवून.

त्याचं असं झालं. पहिले आठ दिवस मी भक्तिभावाने मेथीच्या काड्या, दुधीची सालं आणि चहाचा चोथा बादलीत टाकला. वर आंबट ताकही शिंपडलं. नवव्या दिवशी झाकण उघडलं तशी आई देवघरातून ओरडली, "अरे, गॅलरीत काय मेलंय बघ!" मेलं काहीच नव्हतं. ओला कचरा गच्च बसला की आतली हवा संपते आणि कारभार हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंच्या हाती जातो. त्यांच्या कारभाराला वास असतो. शिवाय जिवाणूंना जेवण बेताचं लागतं म्हणे, साधारण ३० भाग कर्बाला (कार्बनला) १ भाग नत्र (नायट्रोजन). भाजीच्या सालांत नत्र उदंड. कर्ब वाळक्या पानांत. म्हणजे वाटीभर सालांवर दोन वाट्या पाचोळा.

पण मी बादली ठेवली होती जुलैत. जुलैत पुण्यात टॉवेल वाळत नाही, तिथे पान काय वाळणार? म्हणून कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट विकत आणली. ती आधी पाण्यात भिजवून फुलवावी लागते, म्हणजे सुकं हवं म्हणून आणलेली वस्तू ओली करायची आणि मग पुन्हा वाळायची वाट बघायची. बायको म्हणाली, "कचऱ्याला पाव-भाजीचा खर्च करणारे आपणच."

पुढचा प्रसंग गौरी-गणपतीतला. आरती रंगात आली होती. 'सुखकर्ता'च्या दुसऱ्या कडव्याला मावशींनी टाळ थांबवून फरशीकडे बोट दाखवलं. गॅलरीच्या दारातून एक काळपट, चपटी, करंगळीच्या पेरापेक्षा छोटी अळी शांतपणे समईच्या दिशेने निघाली होती. मागे दोघी होत्या. तिघींच्या चालीत दिंडीची शिस्त होती. या सैनिक माशीच्या अळ्या. पोट भरलं की कोषात जायला कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. कचरा झपाट्याने खातात, पुढे त्यांची माशी होते ती चावत नाही. हे सगळं मी आरती संपल्यावर समजावून सांगितलं. प्रसादाला मात्र कुणी थांबलं नाही.

तेव्हापासून मी पाचोळ्याच्या मागे लागलो. फाल्गुनात पानगळ सुरू झाली आणि सकाळी साडेसहाला मी पोतं घेऊन रस्त्यावर. झाडणाऱ्या मावशी आधी संशयाने बघायच्या, त्यांचा ढीग पळवणारा मीच पहिला. आता लांबूनच हाक मारतात, "दादा, गुलमोहराची ठेवलीत बाजूला! ती लवकर कुजतात ना तुमची?" सोसायटीत मात्र माझ्या नोकरीबद्दल कुजबुज आहे.

खत मिळालं. चाळल्यावर अर्धी बादली, काळंभोर, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेलं. चाळणीत आंब्याची एक कोय जशीच्या तशी राहिली होती, तिला खाली ठेवून दिलं. आईने मोठ्या कौतुकाने ओंजळभर खत तुळशीला घातलं. छोट्या बादलीत शेतातल्या ढिगाइतकी उष्णता तयार होत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. तुळशीच्या कुंडीत टोमॅटोची चार रोपं आणि भोपळ्याचा वेल उगवला. "देवाच्या कुंडीत आलंय, उपटायचं नाही," आईने निकाल दिला.

वेल आता कठड्यावरून खालच्या मजल्यापर्यंत गेलाय. काल खालच्या काकूंनी जिन्यात अडवून विचारलं, "भोपळा आमच्या बाजूला लागला तर तो कुणाचा हो?"