घरचा नऊ नंबर

परवा एका फुटबॉल ग्रुपवर वाद झाला. निमित्त इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन. केन २०२३ मध्ये टॉटनहॅम सोडून जर्मनीच्या बायर्न म्युनिकला गेला आणि २०२५ मध्ये त्याला एकदाचं लीगचं विजेतेपद मिळालं. त्यावर एकानं लिहिलं, "केन शहाणा निघाला. हे शहाणपण शिअररला सुचलं नाही. जन्मभर गोल मारले आणि हाती काय, तर एक मेडल." खाली पटापट अंगठे पडले. मी दोन ओळी टाइप केल्या आणि पुसल्या. इंग्लंडचा जुना स्ट्रायकर अ‍ॅलन शिअरर, त्याच्याबद्दल दोन ओळींत बोलणं मला जमत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आधी तो १९९६ चा जुलै. इंग्लंडमध्ये भरलेली युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, नुकतीच संपलेली. शिअरर पाच गोल मारून तिथला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरलेला. वय पंचविशी संपत आलेली, शरीर भरात. मँचेस्टर युनायटेडचे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन त्याच्या मागे लागले होते आणि ही पहिली वेळही नव्हती. १९९२ मध्येही त्यांना तो हवा होता, तेव्हा तो ब्लॅकबर्न क्लबला गेला. आता तरी येईल असं सगळ्यांना वाटत होतं. शिअररनं न्यूकॅसल निवडलं. दीड कोटी पौंड, त्या वेळचा जगातला सगळ्यात महागडा खेळाडू. त्याला बघायला सेंट जेम्स पार्कबाहेर हजारो माणसं जमली. मॅच नव्हती, काही नव्हतं, नुसता माणूस बघायला. आणि एवढ्या गर्दीसमोर त्यानं स्वतःची ओळख करून दिली ती पत्र्याचं काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा म्हणून.

या एका निर्णयावर लोक त्याला तीस वर्षं बोल लावतायत.

न्यूकॅसल म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला टाइन नदीवरचं शहर. कोळसा आणि जहाजं यांवर वाढलेलं. शिअरर मोठा होत होता तेव्हा खाणी आणि गोद्या एकेक करून बंद पडत होत्या. तो ज्या वॉलसेंड बॉईज क्लबमधून खेळला त्या वॉलसेंडची स्वान हंटर ही प्रसिद्ध गोदी १९९३ मध्ये अवसायनाच्या दारात जाऊन उभी राहिली. आणि सेंट जेम्स पार्क शहराच्या कडेला कुठंतरी नाही, ऐन मध्यावर उंचवट्यावर आहे. कुठूनही मान वर केली की दिसतं. तिथं नऊ नंबरच्या, म्हणजे गोल मारणाऱ्याच्या जर्सीला एक मान आहे. ह्यूई गॅलॅकर, जॅकी मिलबर्न, माल्कम मॅकडोनाल्ड, असे तिचे वारसदार. तिथल्या पोरांना ही नावं पाठ असतात.

आम्हा कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. आमच्याकडं फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा असतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी मोठा झालो. आपल्या तालमीचा पोरगा दुसऱ्या तालमीची जर्सी घालून उतरला की पायऱ्यांवर काय शांतता पसरते ती मी ऐकलीय. आणि परत आला की काय गलका होतो तोही.

शिअरर हा असा परत आलेला पोरगा होता. जन्म न्यूकॅसलच्याच गॉसफर्थ भागातला, १३ ऑगस्ट १९७०. केविन कीगन १९८२ मध्ये न्यूकॅसलकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा हा बारा वर्षांचा, प्रेक्षकांत. कीगनच्या निरोपाच्या सामन्यात तो बॉल बॉय होता. आणि १९९६ मध्ये त्याला घरी आणणारा मॅनेजर कोण, तर कीगनच. हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो, त्याला मी काय करू?

पण मधे मोठा फेरा पडला. जॅक हिक्सन नावाच्या स्काउटनं त्याला हेरलं आणि तो पोरवयात साउदॅम्पटनला गेला. म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी, घरापासून चार-पाचशे किलोमीटर. ९ एप्रिल १९८८ ला आर्सेनलविरुद्ध पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरात आला आणि हॅटट्रिक मारली. वय १७ वर्षं २४० दिवस. सर्वोच्च विभागात सगळ्यात लहान वयात हॅटट्रिक करण्याचा जिमी ग्रीव्ह्जचा विक्रम मोडला.

मग ब्लॅकबर्न. तिथली चार वर्षं म्हणजे स्ट्रायकर कसा असावा याचा धडाच. जॅक वॉकर यांनी पोलादाचा धंदा विकून आलेला पैसा गावच्या क्लबात ओतला होता, केनी डालग्लिश मॅनेजर होते. पहिल्या मोसमात २१ सामन्यांत १६ गोल झाले आणि १९९२ च्या नाताळात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्या काळात या दुखापतीतून कितीतरी खेळाडू उठलेच नाहीत. हा उठला आणि पुढच्या तीन मोसमांत लीगमध्ये ३१, ३४, ३१ गोल. रिप्ली आणि विलकॉक्स दोन्ही बाजूंनी क्रॉस टाकायचे आणि मधे हा. उंची सहा फूट, म्हणजे सेंटर हाफच्या (मधल्या बचावपटूच्या) मानानं काही ताडमाड नाही, पण उडी बरोबर वेळेवर. चेंडू मारताना फार नाजूकपणा नाही. बुटाच्या नाडीवर घ्यायचा आणि जोरात, खाली, गोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात. बघणाऱ्याला वाटावं, एवढंच? एवढंच. पण दर शनिवारी.

१४ मे १९९५. मोसमाचा शेवटचा दिवस. ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर २-१ हरलं, त्यांचा गोल शिअररचाच. तिकडं वेस्ट हॅमसमोर युनायटेडला १-१ बरोबरी मिळाली आणि लीग ब्लॅकबर्नची झाली. आनंद कसा साजरा करणार असं विचारल्यावर शिअररनं सांगितलं, घरच्या लाकडी कुंपणाला क्रिओसोट लावायचंय. लाकूड कुजू नये म्हणून लावतात ते डांबराचं तेल. या उत्तराची अजून टिंगल होते. मला ते फार आवडतं. माझे वडीलही पगारवाढीची बातमी आली त्या दिवशी माळ्यावरची गळती काढायला चढले होते.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते याच सुमारास, गल्लीत नव्या आलेल्या केबलवर. गोल झाला की उजवा हात सरळ वर, पंजा उघडा, आणि धावत सुटायचं. कोलांट्या नाहीत, नाच नाही. आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणायची, "परत तो हात वर करणारा का?" तिला नाव कधी लक्षात राहिलं नाही. हात राहिला.

आता युरो ९६. स्पर्धेआधी शिअररला इंग्लंडसाठी २१ महिने, १२ सामने गोल नव्हता. बारा सामने! आजच्या काळात असं झालं असतं तर लोकांनी त्याला तिसऱ्याच सामन्यात सोशल मीडियावर सोलून काढला असता. मॅनेजर टेरी व्हेनेबल्स हलले नाहीत. स्वित्झर्लंडविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल झाला आणि बांध फुटला. हॉलंडविरुद्धचा तो गोल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आज रात्री शोधून पाहा. गॅस्कॉइन डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत घुसतो, चेंडू शेरिंगहॅमकडे. समोर गोल दिसतोय, सगळं वेम्ब्ली म्हणतंय मार. शेरिंगहॅम मारण्याचा आव आणतो आणि पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू अलगद उजवीकडं सरकवतो. तिथं शिअरर आधीच पाऊल टाकून तयार. जाळं असं हललं की वाटलं तुटतंय. ४-१. उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला त्याचं हेडर आत गेलं. पुढं पेनल्टीवर इंग्लंड हरलं, पण शिअररनं आपली मारली होती.

तर असा माणूस घरी आला. पहिल्या मोसमात ३१ सामन्यांत २५ गोल. ऑक्टोबर १९९६ मध्ये, ज्यांना नकार दिला त्या युनायटेडला न्यूकॅसलनं ५-० धुतलं, त्यात एक गोल याचा. पण जानेवारीत कीगन गेले, लीगमध्ये दुसरा नंबर आला आणि १९९७ च्या जुलैमध्ये एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानावर सरावाच्या सामन्यात घोट्याचं हाड मोडलं, लिगामेंट तुटले. सहा महिने गेले.

इथून पुढचा शिअरर मला सगळ्यात जवळचा आहे, आणि त्याच्याबद्दलच कुणी बोलत नाही. पूर्वीचा वेग परत आलाच नाही. मग त्यानं आपला खेळ मोडून नव्यानं बांधला. गोलकडं पाठ करून उभं राहायचं, सेंटर हाफला पाठीवर घ्यायचं, कोपरं बाहेर (होय, ती कोपरं नेहमीच नियमात नसायची, हे मी मान्य करतो), चेंडू छातीवर झेलून दुसऱ्याला द्यायचा आणि मग डीमध्ये पोचायचं. पळता येत नाही म्हणून जागा आधी ओळखायची. १९९९ मध्ये मॅनेजर रूड गुलिट यांनी सुंदरलँडविरुद्ध, म्हणजे शेजारच्या हाडवैऱ्याविरुद्ध, त्याला बाहेर बसवलं. धो धो पावसात न्यूकॅसल २-१ हरलं, आणि गुलिट यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी बॉबी रॉबसन आले, तेही त्याच भागातले. घरच्या पहिल्याच सामन्यात शेफिल्ड वेन्सडेला ८-०. शिअररचे पाच.

डिसेंबर २००२, एव्हर्टन. उंच चेंडू आला, शोला अमिओबीनं डोक्यानं खाली टाकला. शिअरर डीच्या बऱ्याच बाहेर. चेंडू अजून जमिनीला टेकलेला नाही. बत्तीस वर्षांचा, दोन मोठ्या दुखापतींतून गेलेला पाय, आणि त्यानं तो तसाच हवेत घेतला. चेंडू वरच्या कोपऱ्यात. मी तो गोल इतक्यांदा पाहिलाय की त्याच्या आधी स्टेडियमभर घेतला गेलेला श्वाससुद्धा मला ओळखीचा झालाय.

एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. युरो २००० नंतर, तिशीही पूर्ण व्हायच्या आत, त्यानं इंग्लंडची जर्सी उतरवली. ६३ सामने, ३० गोल. त्याच स्पर्धेत बेल्जियमच्या शार्लरुआ शहरात जर्मनीविरुद्धचा एकमेव, विजयी गोल याचाच होता. आणखी दोन वर्षं द्यायला हवी होती असं वाटतं. त्यानं ती न्यूकॅसलला दिली.

आता मेडलांचा हिशेब. तो खोटा नाही. १९९८ ची एफए कप फायनल, आर्सेनलकडून ०-२. १९९९ ची, युनायटेडकडून ०-२. ते युनायटेड चार दिवसांनी चॅम्पियन्स लीगही जिंकलं आणि तिन्ही मोठे कप एका मोसमात घरी घेऊन गेलं. शिअरर समोरच्या बाजूला उभा होता. हो म्हटलं असतं तर त्या फोटोत असता. हे त्याला कळत नव्हतं असं कुणाला वाटतं? आणि तरी त्यानं किती वेळा सांगितलंय की पश्चात्ताप नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

कारण त्याला काय मिळालं ते बघा. ४ फेब्रुवारी २००६, पोर्ट्समथविरुद्ध, न्यूकॅसलसाठी २०१ वा गोल. जॅकी मिलबर्नचा २०० चा विक्रम मोडला. त्याच गावातल्या पोरानं, त्याच मैदानावर. प्रीमियर लीगमध्ये एकूण २६० गोल, ब्लॅकबर्नचे ११२ आणि न्यूकॅसलचे १४८. केन इंग्लंड सोडून गेला तेव्हा २१३ वर होता. (प्रीमियर लीग हे नाव १९९२ मध्ये आलं आणि हा आकडा तेव्हापासून मोजतात, हेही सांगायला हवं. त्याआधीही फुटबॉल होता. जिमी ग्रीव्ह्जचे सर्वोच्च विभागात ३५७ आहेत. शिअररचे साउदॅम्पटनचे धरले तरी २८३ होतात. ग्रीव्ह्जला विसरून शिअररचं कौतुक करणं मला जमणार नाही.)

शेवटचा गोल १७ एप्रिल २००६. सुंदरलँडच्या मैदानावर पेनल्टी, सगळं स्टेडियम हुर्यो उडवतंय. मारली. न्यूकॅसल ४-१ जिंकलं, पण त्याच सामन्यात गुडघा गेला आणि तिथंच संपलं. मोसमाचे तीन सामने बाकी होते.

२००९ मध्ये क्लब बुडत होता तेव्हा शेवटचे आठ सामने मॅनेजर म्हणून उभा राहिला. वाचवता आलं नाही, एकच विजय मिळाला, क्लब खालच्या विभागात गेला. स्टुडिओत बसून टीव्हीवर बोलणं सोपं होतं, घरचे हाक मारतात म्हणून गेला. आता मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. उजवा हात वर.

१६ मार्च २०२५. वेम्ब्ली, लीग कप फायनल, समोर लिव्हरपूल. न्यूकॅसलनं देशातला मोठा कप शेवटचा जिंकला होता १९५५ मध्ये, मिलबर्नच्या काळात. पहिला हाफ संपत आलेला, कॉर्नर आला आणि डॅन बर्न उडाला. बर्न न्यूकॅसलजवळच्या ब्लाइथचा, पोरवयात याच क्लबनं काढून टाकलेला, पुढं मोठा होऊन परत आलेला. हेडर आत. प्रेक्षकांत शिअरर होता, घरच्यांसोबत. ज्या जुन्या वेम्ब्लीत तो दोन फायनल हरला, त्याच जागी बांधलेल्या नव्या वेम्ब्लीत.

इकडं रात्रीचे पावणेअकरा. मी ओरडलो असणार, कारण आई उठून बाहेर आली. टीव्हीकडं डोळे बारीक करून बघत विचारलं, "तो हात वर करणारा अजून खेळतो?"

"नाही गं," मी म्हटलं. "आता बघायला बसलाय."

ती माझ्या शेजारी बसली. मॅच संपेपर्यंत उठली नाही.