डबा ठेवला, सीडी फेकली!

दर दिवाळीच्या साफसफाईत हेच. नौपाड्यातून ओळखीच्यांचा फोन येतो, "जुना कॉम्प्युटर आहे, घेऊन जा." धावत जावं, तर कॉम्प्युटरचा डबा हजर आणि रिस्टोअर सीडी, म्हणजे कॉम्प्युटर पुन्हा मूळ स्थितीत आणणारी कंपनीची सीडी, कालच रद्दीत! अहो, तीच तर हवी होती! विंडोज ९८ दुसरीकडे मिळेल, पण नेमक्या त्या मॉडेलचे साउंडचे, मोडेमचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारी सॉफ्टवेअर, कुठून आणू? यंदा एक सापडली, तीही कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगलेली. छापील बाजू उन्हापावसाने सोलवटलेली. चकाकणारा थर त्याच बाजूच्या पातळ लेपाखाली असतो, तो निघाला की डेटा गेलाच. जेमतेम ७०० एमबीची इमेज, म्हणजे सीडीची हुबेहूब प्रत, काढायला काही मिनिटं लागतात. फेकण्याआधी फोन करा ना! मी स्वतः येतो न्यायला.