उन्हात वाळवलेला जुना फिल्टर : धुळ्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, माशांच्या टाकीचा जुना फिल्टर व्हिनेगर आणि ब्लीचने कसा साफ करायचा, या माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन मुद्दे आहेत. जुना फिल्टर ब्लीचमध्ये बुडवला की चांगले जीवाणू मरतात. खान्देशातल्या मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस ठेवला की ब्लीचची गरजच उरत नाही. आणि मी व्हिनेगर व ब्लीच एका दमात लिहिलं, ते धोक्याचं आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. आधी व्हिनेगर, मग भरपूर पाण्याने धुणं, आणि ब्लीच थेट दुसऱ्या दिवशी, असं लेखात आज स्पष्ट लिहिलं आहे.

व्हिनेगर मात्र सोडू नका. बोअरच्या पाण्याने कूलरच्या मोटारीवर जो पांढरा थर चढतो, तोच फिल्टरच्या इम्पेलरवरही, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या छोट्या पंख्यावरही चढतो. त्या थराखाली आणि गाळाखाली ब्लीच पोहोचतच नाही. शिवाय गाळच ब्लीचचा जोर खाऊन टाकतो. म्हणून आधी व्हिनेगरने तो थर काढणं आणि ब्रशने घासणं.

आता जीवाणू. तुम्ही म्हणता ते चांगले जीवाणू म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे. त्यांना ओलावा आणि ऑक्सिजन लागतो. माळ्यावर महिनोन्‌महिने पडलेल्या फिल्टरमध्ये वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं, मग मारण्याची भीती कशाची? ओळखीच्या माणसाचा कालपर्यंत चालू असलेला फिल्टर असेल, त्याचे मासे तुम्ही स्वतः पाहिले असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे तुमचं बरोबर: स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा आणि लावा. पण तुम्ही तर जुन्या बाजारातून घेतलाय. आधीच्या मालकाची टाकी का बंद पडली, मासे रोगाने मेले का, हे तुम्हाला कोण सांगणार?

उन्हाचं म्हणाल, तर मीही तेच मानत होतो. एकदा असाच फिल्टर आठवडाभर गच्चीवर ठेवला. बाहेरून खडखडीत. पाईप कडक झाला म्हणून कापला, तर वाकणात ओला काळा गाळ आणि नाकाला झोंबणारा वास. ऊन आत शिरलंच नव्हतं, प्लास्टिक मात्र ठिसूळ झालं. तेव्हापासून जुना पाईप मी टाकूनच देतो, स्पंजही. दोन्ही स्वस्त आहेत.

बाकी सुट्या भागांना सुगंध न घातलेलं साधं ब्लीच, एक वाटी ब्लीचला वीस वाट्या पाणी, पंधरा-वीस मिनिटं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. मोटर कॉर्डसकट बुडवू नका, इम्पेलर काढून त्याची खाच बारीक ब्रशने साफ करा. नंतर भरपूर धुवून अँटी-क्लोरीन (क्लोरीन निकामी करणारं टाकीचं औषध) टाकलेल्या पाण्यात रात्रभर. ब्लीचचा वास आला तर पुन्हा तेच. जीवाणूंना बसायला फिल्टरमध्ये ठेवतात त्या सिरॅमिक रिंग्ज छिद्राछिद्रांत ब्लीच धरून ठेवतात, त्यामुळे नव्या घेतलेल्या बऱ्या. आणि हो, इथे ऊन खरंच आड येतं: उन्हात तापलेल्या बाटलीतलं ब्लीच लवकर निकामी होतं, म्हणून मागच्या उन्हाळ्यातली बाटली वापरू नका.

सगळं कोरडं झालं की तुमचा तो गच्चीवरचा दिवस जरूर द्या, पण सावलीत, वाऱ्यावर. वायर बोटाने वाकवून बघा. कुठे तडा दिसला किंवा प्लगजवळ काळं पडलेलं असलं, तर तो फिल्टर टाकीत सोडू नका. टेप गुंडाळूनही नाही.