बाबांचा आठवडा, आमचं बिल आणि एक चमचा

आज सकाळी बाबांच्या नावाने मेल आलाय. 'प्रिय सदस्य, आपले वार्षिक देखभाल शुल्क थकीत आहे.' बाबांना जाऊन दोन वर्षं झाली!! मृत्यूचा दाखला दोनदा पाठवून झाला, तरी हे आपले प्रिय सदस्य, प्रिय सदस्य. आणि खाली बारीक अक्षरात, रक्कम सहमालकांपैकी कोणीही भरू शकतो. आता 'कोणीही' म्हणजे कोण हे वेगळं सांगायला नको. शेंडेफळ.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लहान असताना बाबांनी टाइमशेअर घेतलं होतं. समुद्राजवळच्या एका रिसॉर्टमधलं अपार्टमेंट, पण वर्षातला एकच आठवडा आपला, एकविसावा. बाकीचे आठवडे बाकीच्या कुटुंबांचे. हल्ली पॉइंट्स वगैरे असतात, आमचं जुन्या पद्धतीचं, ठरलेला आठवडा म्हणजे ठरलेला. मग आम्ही, म्हणजे ताई, दादा आणि मी, मोठे झाल्यावर एक दिवस बाबांनी कागद पुढे केला, तिघांची नावं घालतोय, सह्या करा. केल्या. बापाने पुढे केलेला कागद वाचतं का कोणी?

त्या आठवड्याचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं तर समुद्र नाही, चमचा. निघायच्या दिवशी बाबा किचनच्या कपाटाला आतून चिकटवलेली यादी वाचत सामान मोजायचे. कप सहा, बशा सहा, सुऱ्या चार, चमचे बारा. एका वर्षी अकराच भरले. बॅगा दारात, गाडी खाली येऊन थांबलेली, आणि बाबा गुडघ्यांवर बसून सोफ्याच्या फटीत हात घालून चमचा शोधतायत. आई म्हणाली, अहो एका चमच्याचे काय ते पैसे देऊन टाकू. तर म्हणे, "आठवडा माझ्या नावावर आहे. उद्या दुसरं कुटुंब येईल, ते चहा कशाने ढवळतील?" अर्धा तास!

असा माणूस. त्याच्या नावावर थकबाकी.

आता मुद्दा. सात दिवस भागिले तिघं किती होतात ते करून बघा. आणि आठवड्याची वाटणी होत नसली तरी बिलाची होईल असं वाटत असेल तर तीही होत नाही. आमच्या करारात जबाबदारी संयुक्तही आहे आणि प्रत्येकाची वेगवेगळीही, म्हणजे दोघांनी हात वर केले की तिसऱ्याकडून पूर्ण वसूल. दादा म्हणतो, मी माझा एक तृतीयांश देतो. वा! एक तृतीयांश बिल कोणी घेत नाही रे. विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक नाही, आणि 'आम्ही विकून देतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्यांचे फोन मात्र रोज. रिसॉर्टला परत करायचं तर तिघांच्याही सह्या लागतात. उद्या आमच्यातलं कोणी गेलं तर त्याची मुलं येणार यादीत, मग सह्या किती होतील मोजा. नुसता वारसा असता तर बऱ्याच ठिकाणी वेळेत लेखी नकार देता येतो, तो आठवडा वापरायच्या आधी. पण आम्ही तर सही करून मालक झालेलो. प्रेमाने!

हो, मान्य, मजा केली आम्ही तिथे. आणि दादा दहा वर्षांत तिकडे फिरकलेला नाही, हेही खरं. पण म्हणून मेसेज बघून गप्प बसायचं? आपल्यात असं करतात का? स्पष्ट 'नाही' म्हण, मी भांडेन तरी.

तसा तो पहिल्यापासून असाच. तो चमचा त्यानेच नेला होता, वाळूत खड्डा खणायला. बाबा अर्धा तास फरशीवर आणि हा बॅगेवर बसून गप्प. घरी आल्यावर त्याच्याच ओल्या चड्डीतून निघाला. बाबा ओरडले नाहीत. चमचा धुतला, पुठ्ठ्यात गुंडाळला आणि पोस्टाने परत पाठवला, वर दोन ओळींचं पत्र. पत्ता दादाकडून लिहून घेतला होता.

हे टाइप करता करता रागच गेला की काय कोण जाणे. बाबांवर चिडले होते खरं तर, दादावर नाही. अहो, एकदा विचारायचंत तरी, तुमच्यापैकी कोणाला हवंय का म्हणून. मी नाही म्हटलं असतं. त्यांना वाईट वाटलं असतं, बहुतेक म्हणूनच विचारलं नाही.

ज्यांच्या आईवडिलांकडे असलं काही आहे त्यांनी या रविवारी तो करार बाहेर काढा आणि मोठ्याने वाचा, सगळे समोर असताना. मुदत कधी संपते, संपते का, नाव काढता येतं का. भांडण झालं तर होऊ दे.

बिल भरलं मी आत्ता. थकबाकी शून्य असल्याशिवाय ते आठवडा परतही घेत नाहीत. परत करायचा फॉर्म फॅमिली ग्रुपवर टाकलाय, ताईने लगेच सही करून पाठवला. दादाला वेगळा पाठवला, खाली काही लिहिलं नाही, फक्त चमच्याचा इमोजी.

दोन निळ्या टिका आल्यात. टायपिंग दिसतंय.