ऐतिहासिक सिनेमा काढताय? बंदुकीच्या नादी लागू नका

निर्माता गळाला लागला, भोरचा राजवाडा चार दिवसांसाठी ठरला आणि नायकाने दाढी राखायला घेतली, म्हणजे निम्मं काम झालंच. उरलेल्यात बंदुका आणि फौजेचे कपडे येतात. त्यात डोकं घालू नका. त्यापेक्षा घोड्यांची सोय बघा, ते ऐनवेळी दगा देतात.

बंदूक घ्यायची ती ड्रेसवाल्याकडे पडून असेल ती. शिवकाळ म्हटलं की कुणीतरी जाणकार उपटतोच. तो सांगेल, तेव्हा आपल्याकडे तोड्याची, म्हणजे धुमसत्या वातीने पेटवायची बंदूक होती. नळीत वरून दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, कान्यापाशी, म्हणजे नळीच्या मागच्या छिद्रापाशी, चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, घालायची आणि मग धुमसता तोडा तिला टेकवायचा. तोवर समोरचा स्वार अंगावर आलेला असतो. हे पडद्यावर दाखवलंत तर काय होईल? थरथरत्या हाताने दारू सांडेल, गज घाईत नळीतच राहून गोळीबरोबर उडून जाईल, आता हा पुढचा बार भरणार कशाने म्हणून प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येईल. असली उत्कंठा आपल्याला परवडणारी नाही. एका नळीतून पाठोपाठ तीन बार काढा आणि नायकाला स्लो मोशनमध्ये हवेत सोडा.

पावसाचंही तेच. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली ती रात्र जुलै १६६० मधली, म्हणजे सह्याद्रीतला ऐन आषाढ. तोडा भिजला की विझतो, रंजक भिजली की हातात उरते नुसती काठी. तलवार आणि दांडपट्टा एवढे मोलाचे का होते, हे एकाही संवादाशिवाय कळलं असतं. पण संवाद लिहून झालेत, त्यांचे पैसेही दिलेत. तेव्हा टँकरने पाऊस पाडा आणि त्याच पावसात बंदुका खुशाल वाजू द्या.

धूर अजिबात नको. जुनी दारू काळी. एक बार काढला की पांढरा लोट उठायचा, आणि पलटणीने एकदम बार काढला की समोरचं काही दिसायचं नाही. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये १८८४ साली निघाली. म्हणजे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी ज्या धुरात उभ्या होत्या, तो दाखवायचा तर नायकाचा चेहरा झाकला जाणार. निर्मात्याने पैसे चेहऱ्याचे मोजलेत, इब्राहिमखानाचे नाहीत. तोफेचा गोळा मात्र फुटलाच पाहिजे. साधा गोळा भरीव लोखंडाचा असायचा, तो टप्पे खात माणसांच्या रांगेतून आरपार जायचा आणि फुटायचे ते उखळी तोफेचे पोकळ गोळे, ही माहिती फाइट मास्टरला कळू देऊ नका. त्याने पेट्रोल आणून ठेवलंय.

आता कपडे. मावळे सगळे एकाच ठाणातून बेतलेले हवेत, पांढरे शुभ्र, कडक इस्त्रीचे. माणूस घरून आणलेल्या कपड्यांत लढायचा, दोन मावळे एकमेकांसारखे दिसायचे नाहीत, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, दोनशे जणांचे वेगवेगळे कपडे धुणार कोण?

साहेबाचं काम सोपं. लाल कोट पाठ असला की प्लासीपासून पुढे सगळं निभतं. निशाण आजचंच, युनियन जॅक, लावा. त्यातली तांबडी तिरपी फुली १८०१ साली आली, पण थिएटरात बसून पट्टे कोण मोजतंय? १८५७ च्या अधिकाऱ्याला छातीवरून तिरका जाणारा चामडी पट्टा चढवा, रुबाबदार दिसतो. ज्या सॅम ब्राऊन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचा तो पट्टा आहे, त्याचा डावा हात लढाईत गेला १८५८ साली आणि एका हाताने तलवार सांभाळायची म्हणून तसा पट्टा आला. तुमच्या साहेबाने एक वर्ष आधीच दूरदृष्टी दाखवली असं समजा. दिल्लीच्या वेढ्यात उन्हाने हैराण झालेल्या गोऱ्यांनी आपले पांढरे कपडे मिळेल त्या मळकट रंगात, अगदी चहाच्या पाण्यातसुद्धा, बुडवून घेतले होते. हे चुकूनही दाखवू नका. शत्रू ओळखू यायला हवा, चहाने नव्हे, लाल रंगाने.

आणि माझा सगळ्यात आवडता प्रसंग. चरबी लावलेलं काडतूस दाताने तोडायचं, म्हणून शिपायांचं माथं भडकलं. मध्यंतराआधीचं सगळं कथानक त्या एका कागदी पुडीवर उभं. अशा वेळी मंगल पांड्याच्या हातात खटका मागे ओढून भरायची बोल्टची रायफल द्या, जी इंग्रजी फौजेत १८८८ साली आली. तिच्यात पितळी काडतूस बोटाने सरकवलं की काम झालं. मग दात लावायचा कशाला आणि बंड करायचं कशावरून, हा पटकथालेखकाचा प्रश्न आहे, त्याला सोडवू द्या.

यातल्या कशावरूनही मोर्चा येणार नाही, खात्री बाळगा. लोक पाहतात ते वेगळंच. टिळा कसा लावलाय, राणी नाचली का, आपल्या घराण्याच्या पूर्वजाला किती संवाद मिळाले आणि त्यातल्या कितींत तो फितूर निघाला. या गोष्टींसाठी वकील आधीच करून ठेवा. तोडा विझलेला असताना बार निघाला म्हणून कोर्टात गेलेला माणूस मी तरी ऐकलेला नाही.

इतिहासाचा सल्लागार मात्र नेमाच, श्रेयनामावलीत बरं दिसतं. चित्रीकरण चालू असताना त्याला बोलावू नका. सगळं उरकल्यावर बोलवा, शाल-श्रीफळ द्या. त्याने भिंतीला टेकवलेली बोल्टची रायफल उचलून काही विचारायला तोंड उघडलंच, तर नायकाला पुढे करा. दोघांचा सेल्फी होईपर्यंत त्याच्यासाठी गाडी मागवून ठेवा.