वेडेलियावर ग्रास कटर चालवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार

भर जुलैत, झड लागलेली असताना, सोसायटीच्या बागेतल्या वेडेलियावर, म्हणजे त्या जमिनीवर पसरणाऱ्या पिवळ्या फुलांच्या वेलीवर, ग्रास कटर! दोन तासांत कोपरा 'क्लीन', ग्रुपवर फोटो, खाली अंगठ्यांची रांग. अहो, कसले अंगठे दाखवताय? त्या वेलीला पेरापेराला मुळं फुटतात. कटरने तिचे हजार तुकडे केले, चिखलात उडवले, वरून पाणी घालायला पाऊस आहेच. याला साफसफाई नाही, लागवड म्हणतात, तीसुद्धा मजुरी देऊन करून घेतलेली! आणि उरलेला ढीग? कंपोस्टच्या खड्ड्यात! म्हणजे जानेवारीत 'आपलं सेंद्रिय खत' म्हणून हीच बया घरोघरच्या कुंड्यांत. माळीदादांना बोल लावू नका, त्यांच्या हातात मशीन देऊन 'मारा' म्हणणारे वेगळे होते.

वेडेलिया एप्रिल-मेमध्ये काढतात. आधी पंधरा दिवस पाणी तोडायचं. मग धारदार फावड्याने दोन-दोन फुटांचे पट्टे कापायचे आणि एका टोकाने मुळासकट उचलत सतरंजीसारखे गुंडाळत न्यायचे. जमीन फारच कडक असेल तर आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारा, नाहीतर वेल हातात येते आणि मुळं खालीच राहतात. नंतर वीतभर माती कुदळीने उकरून पांढरट कांड्या एकेक वेचायच्या. हो, हाताने, घमेलं घेऊन, उकिडवं बसून. त्याला पर्याय नाही. काढलेला माल मातीला टेकू द्यायचा नाही. सिमेंटवर नाहीतर ताडपत्रीवर पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवायचा. वाकवल्यावर कांडी मोडत नसेल, तर ती अजून जिवंत आहे.

आणि लगेच रोपं लावायची घाई कशाला? मोकळ्या मातीला मुद्दाम पाणी द्या, दोन आठवडे थांबा. जोडीजोडीने पानं वर येतील, ती मुळासकट उपटा. पुन्हा पाणी, पुन्हा वाट. दोन-तीन फेऱ्यांत काही उगवेनासं झालं की मग तगर लावा, जास्वंद लावा, सावली असेल तर आंबेहळद. मधल्या जागेत खोक्यांचे पुठ्ठे, कडा वीतभर एकमेकांवर चढवून, वर चार बोटं पालापाचोळा. खोडापाशी मात्र जागा सोडा. पुठ्ठ्याच्या जागी प्लास्टिक अंथरून वर पांढरे गोटे टाकणाऱ्यांबद्दल इथे लिहिता येत नाही.

मुळात ही आणली कुणी? नर्सरीत अजून 'लो मेंटेनन्स, बारमाही पिवळी फुलं' म्हणून पिशवी हातात देतात. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या सर्वांत वाईट शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत हिचं नाव आहे, ते कुणी पिशवीवर छापत नाही. त्याच नर्सरीची 'लाल माती' घ्या, लव्हाळ्याच्या गाठी फुकट. बिल्डरने बागेखाली पुरलेला राडारोडा आहेच. झाडाच्या बुंध्याला गळफास लावणारे सिमेंटचे पार, खिळे ठोकून टांगलेल्या लाइटच्या माळा... असो, बीपी वाढतंय.

कुणीतरी 'राउंडअप मारा ना' म्हणणारच. राउंडअप म्हणजे ग्लायफोसेटचं तणनाशक. 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला, आणि बाजूला कढीपत्ता असताना फवारणी करणाऱ्याला माझ्यासमोर आणू नका.

खरं तर फुलं गोड असतात हो. फुलपाखरंही येतात. एका वेलीवर इतकं तोंडसुख घेणाऱ्या माणसाला बाकी उद्योग नसावेत, हे मान्य. पण शेजारच्या भिंतीखालून तिचा एक धुमारा बाहेर डोकावतो आणि सगळा संयम जातो. कडेला टाइल पुरली तरी ती वरून ओलांडते, म्हणून दर रविवारी कड तपासायची.

आता कमिटीने निदान एवढं करावं: कंपोस्टमधला ढीग आजच्या आज उपसून काळ्या पिशव्यांत भरावा, तोंड घट्ट बांधावं आणि गच्चीच्या सिमेंटवर ठेवावा. ऊन पडेल तेव्हा आतल्या आत कुजेल. आणि तो कटर कपाटात टाकून किल्ली माझ्याकडे द्या.