एकोणसत्तर जीबींचा हिशेब

गेल्या गुरुवारी माझ्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. चार वर्षांतली ही तिसरी. गुरुवार हा पुण्यात वीज जाण्याचा जणू हक्काचा वार असल्यामुळे सकाळी वीज गेली, संध्याकाळी आली, आणि खोक्यातून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला. हा आवाज आमच्या घरात आता सर्वांच्या परिचयाचा आहे. पत्नीने स्वयंपाकघरातूनच "गेली का?" असे विचारले, आणि त्या स्वरात सहानुभूतीपेक्षा सवयच अधिक होती.

दुसऱ्या दिवशी मी डिस्क पिशवीत घालून तापकीर गल्लीजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्या मुलाने ती क्षणभर कानाशी धरली आणि म्हणाला, "हेड गेलंय. बॅकअप?"

"आहे," मी ताठ मानेने सांगितले.

"कुठे?"

"डी ड्राइव्हमध्ये."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरू इच्छितो. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु कपाटाची किल्ली कपाटातच जपून ठेवणारी माणसेही काही अडाणी नसतात. मग त्याने मला समजावले, की आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, तिच्यावरची माहिती वाचणारे हेड जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगते, आणि आता धूळविरहित खोलीत डिस्क उघडून हेड बदलावे लागेल. खर्च डिस्कच्या किमतीच्या पाचपट, आणि खात्री शून्य.

तेवढ्यात प्रिंटरचे काडतूस भरून घेण्यासाठी बसलेले, सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "किती जीबीची होती?"

"एक टीबी."

"म्हणजे हजार जीबी. आणि संगणकावर किती दिसत होती?"

"९३१," मी सांगितले. इतके सांगायला नको होते.

"मग वरचे ६९ कुठे गेले?" गृहस्थांचा आवाज चढला. "विचारलंत कधी कुणाला?"

दुरुस्तीवाल्याने सांगून पाहिले, की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, त्यामुळे जागा तेवढीच असूनही आकडा लहान दिसतो. "काका, यात चोरी कोणाचीच नाही."

"असं कसं? मग उद्या दूधवाल्यानं त्याचा लिटर त्याच्या पटीत मोजावा, आणि आपण आपल्या पटीत प्यावा! मापात मारणं म्हणतात याला. मंडईत कांदेवाल्यानं शंभर ग्रॅम मारले, तर मी काटा तपासायला लावतो. इथे ६९ जीबी!"

"अहो काका," मी काकुळतीने म्हणालो, "माझे उरलेले ९३१ सुद्धा गेले आहेत."

त्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ते देवाघरी गेले हो. त्याला इलाज नाही. हे ६९ मात्र तुमच्याकडून घेतले गेलेत, तुमच्या डोळ्यांदेखत. आणि तुम्ही चार वर्षांत तिसरी डिस्क म्हणता? तीनही एक टीबीच्याच? म्हणजे २०७!"

त्यांनी हा गुणाकार तोंडी केला, आणि दुकानातले आणखी दोघे माझ्याकडे आता फसवला गेलेला माणूस म्हणून पाहू लागले. मला तोवर मी केवळ दुर्दैवी आहे असे वाटत होते.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, क्षमता सुमारे पाच एमबी होती, आणि सारा संसार टनभर वजनाचा होता. तसले काही घरात बंद पडले असते, तर निदान शेजारी विचारपूस करायला आले असते. माझ्या खिशात मावणाऱ्या डिस्कबरोबर वडिलांनी शेवटच्या दिवाळीत नातीला सांगितलेली गोष्ट गेली; अकरा मिनिटांची होती, मध्ये दोनदा खोकला होता. त्याबद्दल कंपनीच्या वॉरंटीत अक्षरही नाही. वॉरंटीत दुसरी डिस्क मिळते, तीही बहुधा कोणाची तरी परत आलेली आणि दुरुस्त केलेली, आणि ती घेताना आपण आभार मानायचे असतात. मागच्या वेळी मी मानले होते.

यावेळी मी गुपचूप नवी दोन टीबीची विकत घेतली. काकांनी माझ्याकडून दूरध्वनी क्रमांक घेतला होता. रविवारी सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला.

"लावली का? किती दिसतात?"

"१८६३."

पलीकडे काही क्षण शांतता पसरली. "१३७," ते जड आवाजात म्हणाले. "आता गप्प बसून चालायचं नाही. ग्राहक मंचासाठी अर्ज लिहून ठेवलाय मी, तेवढा टाइप करून द्या. माझं अक्षर सुरेख आहे, पण तिथे टाइपच लागतं."

चार पानांचा अर्ज मी टाइप करून दिला, त्यावर सहीही केली. त्याची एक प्रत मी डी ड्राइव्हमध्ये जपून ठेवली आहे.